पाहिल्याशिवाय सही नाही

“तीन मापं पीठ म्हणजे किती किलो?” हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणी विचारला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते आणि माझ्या तोंडात ब्रश होता. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे एक बुटकी, गोल चेहऱ्याची बाई उभी होती. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला आणि हातात शाळेच्या मुलांकडे असते तशी दोनशे पानी वही. मी चूळ भरून आले आणि कोणतं माप, असं उलट विचारलं. ती म्हणाली, तेच तर समजत नाही, म्हणून विज्ञानाच्या मॅडमकडे आले.

अमरावतीत राजापेठच्या मागच्या एका गल्लीत मी नुकतीच राहायला आले होते. त्या गल्लीत घरं कमी आणि ट्यूशन क्लासच्या पाट्या जास्त. त्यातल्याच एका क्लासमध्ये मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवत होते. शेजारच्या घरात एस्तेर साळवे नावाच्या बाई एकट्या राहतात, सरकारी दवाखान्याच्या लॅबमधून निवृत्त झाल्यात आणि रविवारी चर्चमध्ये लहान मुलांना शिकवतात, एवढं घरमालकांनी सांगितलं होतं. त्या मुलांना नेमकं काय शिकवतात आणि त्यात पिठाचं काय काम, हे मात्र सांगितलं नव्हतं.

हळूहळू उलगडत गेलं. रविवारच्या त्या शाळेला त्यांच्यात शब्बाथ शाळा म्हणतात. चौदा मुलं होती. त्यांना एस्तेरबाई येशूचे दाखले सांगायच्या. दाखला म्हणजे येशूने लोकांना समजावण्यासाठी सांगितलेल्या रोजच्या जगण्यातल्या छोट्या गोष्टी. कोणी पेरतंय, कोणी पीठ भिजवतंय, कोणाचं काही हरवलंय. बाकीचे शिक्षक गोष्ट सांगून बोध काढत आणि मुलांना सोडून देत. एस्तेरबाईंचं तसं नव्हतं. लॅबमध्ये तेहतीस वर्षं काचपट्टी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय त्यांनी एकाही रिपोर्टवर सही केली नव्हती, आणि तीच खोड त्यांनी शास्त्रालाही, म्हणजे बायबललाही, लावली. दाखला आधी स्वतः करून पाहायचा, मग मुलांना सांगायचा.

वहीत प्रत्येक दाखल्याला एक पान असे. डावीकडे ‘शास्त्रात’, उजवीकडे ‘इथं’, आणि खाली समजलं की नाही ते. ‘नाही समजलं’ हे त्या बिनदिक्कत लिहीत आणि वर्गातही तसंच सांगत. “हा मले अजून कळला नाई, पुढच्या महिन्यात पाहू.” चर्चमध्ये नव्याने बदलून आलेल्या पाळकसाहेबांना याचं मोठं टेन्शन यायचं. शिक्षकच असे बोलायला लागले तर मंडळीचं काय होईल, असं त्यांनी एकदा ऐकवलं, तेव्हा बाई म्हणाल्या की मंडळीलाही कळलेलं नाहीच, फक्त कोणी बोलत नाही.

तर ते पीठ. एका बाईने तीन मापं पिठात थोडं खमीर घातलं आणि सगळं पीठ फुगलं, असा दाखला आहे. पाळकसाहेबांकडच्या जाड पुस्तकात शोधून शेवटी निघालं की तीन मापं म्हणजे वीस-बावीस किलो. कोणीही शहाणा माणूस इथे पावशेर पिठावर प्रयोग करून मोकळा झाला असता. एस्तेरबाईंनी पूर्ण वीस किलो भिजवलं. माझा मोठा गंज, म्हणजे इकडचं पातेलं, समोरच्या काकूंचे दोन गंज आणि आंघोळीची एक नवी बादली कामाला लागली. मळताना मीही सापडले. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या चाचांनी भट्टी मोकळी करून दिली आणि दोन दिवस आमच्या गल्लीतल्या क्लासची पोरं, घरमालक, भाजीवाली, सगळे आंबूस पाव खात होते.

मी गमतीने विचारलं की यातून काय सिद्ध झालं. त्यांनी पावाचा तुकडा खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. ही त्यांची दुसरी खोड. दूध, चिठ्ठी, औषधाची बाटली, काहीही असो, आधी उजेडात धरायचं. मग म्हणाल्या, “मॅडम, इतके वर्षं मी खमिराकडंच पाहून राहिली होती. पन एवढं पीठ कोनी सोताच्या घरासाठी भिजवते काय? त्या बाईच्या घरी पंगत होती.” त्या रात्री मी पाव चहात बुडवताना त्याचाच विचार करत होते. मी देवाधर्माच्या बाबतीत कोरडी आहे. पण विज्ञानाच्या शिक्षकाला निरीक्षण कळतं, आणि हे अव्वल दर्जाचं निरीक्षण होतं.

तेव्हापासून माझी स्कूटर त्यांच्या सेवेत रुजू झाली. दिवाळीच्या सुमारास आम्ही वलगावला गेलो, पेरणाऱ्याचा दाखला तपासायला. त्यात पेरणारा बी टाकत जातो, काही वाटेवर पडतं, काही खडकावर, काही काट्यांत आणि काही चांगल्या जमिनीत. चौदा मुलांपैकी शेतकऱ्याच्या घरच्या एका मुलीने विचारलं होतं की बी वाटेवर टाकणारा हा कसला येडा शेतकरी. एस्तेरबाईंना उत्तर आलं नव्हतं.

वलगावला वानखडे भाऊंच्या शेतात हरभरा पेरणं चाललं होतं. मोठा तुकडा ट्रॅक्टरने झाला होता, कोपऱ्यातल्या पट्ट्यात मात्र अजून बैलाची तिफण होती. भाऊ तिफण हाकत होते आणि त्यांच्या पत्नी मागून मुठीने बी सोडत होत्या. बाईंनी दाखला सांगितला. भाऊ पोट धरून हसले. असं मुठीने वाटेवर फेकलं तर घरचे जेवायला वाढणार नाहीत, म्हणाले. मला वाटलं, झालं, ‘नाही समजलं’. पण बाई जागच्या हलल्या नाहीत. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, फतकल मारून बसल्या आणि तासभर नुसत्या पाहत राहिल्या. ओळीच्या टोकाला तिफण वळायची तेव्हा वानखडे वहिनी मूठ मिटून घ्यायच्या, तरी चार-दोन दाणे धुऱ्यावर सांडायचेच. बाईंनी ते बोटाने दाखवून विचारलं, हे वेचत नाही का?

वहिनींनी कमरेवर हात ठेवून पाहिलं. “वेचाले कोनाले वेळ हाय? वळताना सांडतेच. ते पाखराचं.”

परतताना बाई मागे बसून स्कूटरवरच वहीत काहीतरी लिहीत होत्या आणि प्रत्येक गतिरोधकाला माझ्या पाठीत पेन टोचत होतं. घरी आल्यावर मी डोकावले. ‘इथं’च्या खाली लिहिलं होतं : पेरणारा येडा नाही. पेरणारा वळतो तिथं सांडतं. सांडलेलंही तो मोजत नाही.

“वळतो याचा अर्थ काय लावायचा?” मी विचारलं.

“अर्थ मंग. दिसलं ते लिवा, वाटलं ते लिवू नका.” हे त्यांचं लाडकं वाक्य. लॅबमध्ये नव्या पोरांना त्या हेच सांगत म्हणे. रोग्याची दया आली म्हणून रिपोर्टमधली पेशी बदलत नाही, आणि राग आला म्हणूनही नाही.

सगळेच प्रयोग जमले असं नाही. मोहरीचा दाणा सगळ्यांत लहान, पण त्याचं झाड होतं आणि पाखरं त्याच्या फांद्यांत राहायला येतात, असा एक दाखला आहे. बाईंनी फुटक्या टपात मोहरी लावली. ती कमरेएवढी वाढली आणि थांबली. दोन महिने त्या रोज सकाळी चहाचा कप घेऊन पाखरांची वाट पाहत बसायच्या. मी सांगून पाहिलं की तिकडची मोहरी कदाचित वेगळ्या जातीची असेल. त्यावर माझ्याकडे चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, म्हणजे तुमच्या पुस्तकातही ‘कदाचित’ असतं तर. एका सकाळी एक शिंजीर त्या काडीवर येऊन बसला, काडी वाकली आणि तो उडून गेला. बाईंनी लिहिलं : बसला. घर नाही केलं. खाली ‘अर्धं समजलं’. मुलांना त्यांनी तेवढंच अर्धं सांगितलं.

एकदा क्लासला सुट्टी होती तेव्हा मी ती वही पहिल्यापासून चाळली. बाईंनीच हातात दिली होती, त्या आत भाकरी थापत होत्या. वाचता वाचता एका पानावर थांबले. वर नाव होतं, ‘दोन मुलगे’. डावीकडचा रकाना बारीक अक्षरात भरलेला. धाकटा मुलगा आपला वाटा घेऊन घर सोडून जातो, सगळं उधळतो, उपाशी परत येतो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, उत्तम झगा घालतो, जेवणावळ घालतो. थोरला शेतातून येतो, वाजंत्री ऐकतो आणि रागाने बाहेरच उभा राहतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. उजवा रकाना मात्र कोरा. खाली ‘समजलं’ही नाही आणि ‘नाही समजलं’ही नाही. पानाच्या कडा तेवढ्या हाताळून काळ्या पडलेल्या.

मला राहवेना. मी विचारलं. भाकरी तव्यावर पडली आणि उत्तर आलं, त्याची टेस्ट अजून झाली नाही. मी म्हटलं, इतका प्रसिद्ध दाखला, मुलांना कधी सांगितलाच नाही? तो रविवार पाळकसाहेब घेतात, एवढंच म्हणाल्या आणि मला वांग्याचं भरीत वाढलं. बोलणं संपल्याची ती खूण होती. वीस किलो पीठ मळणारी बाई या एका पानाला का टाळते, याचं कोडं मी घरी घेऊन आले. माझी उत्सुकता वाईट आहे, माझी आई तिला नाक खुपसणं म्हणायची.

कोडं सुटलं ते पुढच्या वर्षी जानेवारीत. एका दुपारी अकोल्याहून एक तरुण मुलगी आली. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. तिने बाईंना पाहताच वाकून “मोठी आई, सलाम” म्हटलं आणि पत्रिका पुढे केली. बाईंनी पत्रिका घेतली आणि सवयीने उजेडात धरली. पण वाचत नव्हत्या हे भिंतीपलीकडून मलाही कळत होतं. मुलीचं नाव प्रीती. बाईंच्या धाकट्या बहिणीची, सुशीलाची मुलगी. त्यांच्यात लग्नाच्या आधी सकाळी हळद असते आणि पहिली हळद मुलीच्या मोठ्या आईने लावायची असते. प्रीती म्हणाली, आई दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही म्हणाली आहे. तुम्ही आला नाहीत तर हळद तशीच ताटात राहील. चहा न घेता ती निघून गेली, तिची बस होती.

मला बाईंना बहीण आहे हेच माहीत नव्हतं. अकोला तरी किती लांब, सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं. त्या संध्याकाळी त्यांनीच मला बोलावलं आणि सांगितलं, तेही रिपोर्ट वाचावा तसं.

वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा बाई सव्वीस वर्षांच्या होत्या. आई आधीच गेली होती. लॅबची नोकरी आणि वडिलांचं अंथरूण, यात त्यांचं लग्न राहून गेलं. सुशीला कॉलेजात असताना एका मुलाबरोबर अकोल्याला निघून गेली, चिठ्ठीही न ठेवता. सात वर्षं पत्ता नाही. मग एका दुपारी ती दारात उभी राहिली, कडेवर पोर. वडिलांनी तिला पाहिलं आणि हुंदके देऊन रडले. आपल्या अंगावरची लोकरी शाल त्यांनी एका हाताने ओढून तिच्या खांद्यावर टाकली आणि मटण आणायला सांगितलं. ती शाल बाईंनी पहिल्या पगारातून घेतली होती.

“अन् मी आंगनात भांडे घासून राहिली होती,” बाई म्हणाल्या. “आतून हसन्याचा आवाज येत होता. मी आत गेली नाई. म्हटलं, बाबा बोलावन. शास्त्रातला बाप बाहेर येते ना थोरल्यासाठी. माह्यासाठी कोनी आलं नाई.”

सुशीला संध्याकाळी परत गेली. आठ दिवसांनी वडील वारले. त्या आठ दिवसांत बाईंनी त्यांचं सगळं केलं, औषध, आंघोळ, चमच्याने पेज, पण एक शब्द बोलल्या नाहीत. मातीच्या वेळी बहीण आली, तिच्याशीही नाही. त्याला तेवीस वर्षं झाली. मुलांना तो दाखला सांगायचा म्हणजे खोटी सही करायची, त्या म्हणाल्या. बाप बाहेर आला असं डावीकडे लिहिलंय आणि उजवीकडे काय लिहू?

मला फार वाईट वाटलं. तेवीस वर्षं त्या एका गोष्टीपासून चार हात लांब राहिलेली ही बाई मला त्या दिवशी एकदम म्हातारी दिसली. मी म्हटलं, हळदीला मी तुमच्याबरोबर येते. त्या हो म्हणाल्या नाहीत. पण हळदीच्या सकाळी सहा वाजता इस्त्रीची साडी नेसून भिंतीपाशी उभ्या होत्या आणि वही माझ्या पिशवीत टाकायला सांगत होत्या.

बस बडनेरा, मूर्तिजापूर करत निघाली. एरवी खिडकीबाहेरच्या प्रत्येक वस्तूवर प्रश्न विचारणाऱ्या बाई मांडीवरच्या पदराची घडी घालत आणि मोडत बसल्या होत्या. अकोल्याच्या स्टँडवर त्यांनी परतीची बस किती वाजता आहे याची चौकशी केली तेव्हा मला धडकीच भरली.

घर शोधायला लागलंच नाही. गल्लीच्या तोंडाशीच ढोलकी आणि बायकांची गाणी ऐकू येत होती. दारासमोर मांडव, पिवळ्या साड्या, तळणीचा वास. बाई फाटकाशी पोचल्या आणि थांबल्या. फाटकाच्या गजावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, चला. त्यांनी मान हलवली.

“इथवरचं लिवलेलं हाय, मॅडम. थोरला बाहेर उभा हाय अन् आत गानं चालू हाय. तो आत गेला का नाई, ते शास्त्रात नाई.”

पाच मिनिटं गेली असतील. मग मांडवातल्या कोणीतरी आम्हाला पाहिलं, गाणं अडखळलं आणि आतून एक किडकिडीत बाई बाहेर आली. दोन्ही हात हळदीने बरबटलेले, अंगावर जुनी, रफू केलेली लोकरी शाल. जानेवारी असला तरी अकोल्याच्या उन्हात शाल लागावी असं काही नव्हतं. बाईंची नजर त्या शालीवरच खिळली.

“ताई, आत चाल,” सुशीला म्हणाली.

एस्तेरबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. तेवीस वर्षांत बहिणीशी बोललेलं त्यांचं पहिलं वाक्य मी ऐकलं. “त्या दिवशी बाबा आला होता काय मले बोलवाले?”

“बाबाले उठता येत होतं काय, ताई?”

हे तिने भांडणाच्या सुरात म्हटलं नाही. खरंच विचारल्यासारखं म्हटलं. बाईंचा गजावरचा हात सुटला. रोज ज्या माणसाला त्यांनी कुशीवर वळवलं, ज्याचे पाय तेल लावून चोळले, तो चालत अंगणात येईल म्हणून त्या वाट पाहत राहिल्या होत्या.

सुशीलाचे डोळे वाहत होते आणि हात हळदीचे म्हणून पुसता येत नव्हते. “मले धाडलं होतं त्यानं. दोनदा. म्हने, एस्तेरले आन, तिच्याबिगर घास उतरत नाई. मी दारापर्यंत आली. तू पाठमोरी होती. मले तुहं भेव वाटलं. आत जाऊन मी खोटं सांगितलं, ताई, का ती येत नाई म्हनते.”

दारात प्रीती पाटावर तशीच बसलेली दिसत होती. मला वाटलं, आता बाई वळतील आणि परतीच्या बसकडे चालू लागतील. तसं झालं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता. आठ दिवस एक बाप आपली लेक येत नाही म्हणाली असं समजून तिच्या हातची पेज पीत होता, हे मलाच सहन होत नव्हतं.

“दोनदा?” बाईंनी विचारलं.

“दोनदा.”

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ लागला त्याला. “मी दिसलं ते लिवलंच नाई,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “बाबाचे पाय दिसत होते मले.” मग बहिणीचं मनगट धरलं आणि तिचा तळवा उजेडात वर करून पाहिला, लॅबमध्ये काचपट्टी पाहावी तसा. “तुह्या हाताची हळद वाळून राहिली. चाल.”

आणि फाटक ओलांडून त्या आत गेल्या.

त्यानंतर त्या अमरावतीत फार दिवस राहिल्या नाहीत. जूनमध्ये सामान बांधून बहिणीकडे अकोल्याला गेल्या, आता फोनवर बोलणं होतं. पण त्यांची आठवण काढली की मला त्या दिवशीच्या दुपारचंच दिसतं. मला संध्याकाळचा क्लास होता म्हणून मी लवकर जेवून निघाले. पिशवीतली वही द्यायला मांडवात गेले, तर पंगत बसली होती. एस्तेरबाई मांडी घालून बहिणीच्या शेजारी बसल्या होत्या, कपाळाला, गालाला, चष्म्याच्या काचेलासुद्धा हळद, खांद्यावर ती शाल. मी वही पुढे केली. त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले, रश्शाने माखलेले.

“राहू द्या तुमच्यापाशी,” त्या म्हणाल्या. “रविवारी जमलं तं जा शाळेत. पोरायले सांगा, बाई जेवाले बसली हाय.”